खाऱ्या विहिरीवरची बाग

माळ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला ‘फूल तोडायचं नाही’ असा हुकूम मिळाला तर त्यानं काय करावं? मला तो मिळाला तेव्हा मी विशीत होतो. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी सरकारी बागेची जागा आखून झाली होती आणि इंग्रज साहेब घोड्यावर बसूनच मला समजावत होते. इथं फुलं लागतील ती बघण्यासाठी. तोडण्यासाठी नाही, विकण्यासाठी नाही, देवासाठीही नाही. मी ‘जी साहेब’ म्हटलं. मनात म्हटलं, हा माणूस उन्हानं आजारी पडलेला दिसतो.

त्या बागेत मी जन्म घालवला. आता हातपाय थकले, खुरपं सुटलं, आणि तुमच्या या दिवाळीच्या अंकासाठी चार ओळी लिहा म्हणून नातवाच्या ओळखीची मंडळी मागे लागली. मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं शिकलो ती झाडांच्या पाट्यांवर. साहेबांना प्रत्येक झाडाखाली नावाची पाटी पाहिजे होती आणि पाट्या रंगवणारा कारागीर सारखा पळून जायचा, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे माझ्या लिहिण्यात कुठं चूक झाली तर झाडांची नावं तेवढी बरोबर असतील याची खात्री बाळगा.

तो काळ आजच्या मंडळींना सांगून खरा वाटणार नाही. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. आम्हाला यातलं एवढंच कळत होतं. अमरावतीच्या पेठेकडे गाड्यांची रांग लागली की पहिली गाडी पेठेत रिकामी व्हायची तरी शेवटचीला अजून वेशीबाहेरची धूळ खावी लागायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाची पुंजकी अडकलेली असत. गाड्या घासून जायच्या आणि काटे आपला वाटा काढून घ्यायचे. मैलच्या मैल पांढऱ्या बाभळी मी पाहिल्या आहेत. ते पाहताना आनंदही व्हायचा आणि थोडी भीतीही वाटायची.

भीती एवढ्यासाठी की आमचा मळा त्यातच गेला. माझं गाव नांदगाव खंडेश्वराकडचं. आमची वांगी, मिरची, थोडा झेंडू, विहिरीला बारा महिने गोड पाणी. बापानं एका सकाळी वांग्यांवर नांगर घातला आणि कपाशी पेरली. मी विचारलं तर म्हणाला, “वांगे कोन खाते आता? समदं वऱ्हाड कापूस खाऊन राहिलं.” मळ्याशिवाय माळी कसला! मी अमरावतीला गेलो, एका बंगल्याच्या बागेत कामाला लागलो, आणि तिथून साहेबांनी मला उचलून अकोल्याला आणलं.

येताना आमच्या गाड्यांत चोवीस टोपल्या होत्या. प्रत्येक टोपलीत मांडीइतक्या उंचीचं बकुळीचं रोप. आम्ही मूर्तिजापुराकडून अकोल्याला चाललो होतो आणि समोरून कापसाच्या गाड्यांवर गाड्या येत होत्या. एका गाडीवानानं बैल थांबवून विचारलं, “काय नेऊन राहिला गा?”

“बकुळी,” मी म्हणालो.

“काय येते त्याले?”

“फुलं. पाच-सहा वर्सानं.”

तो इतका हसला की त्याच्या बैलांनीही मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

बागेची जागा म्हणजे आधीचा गाड्यांचा अड्डा. चाकांनी काळी माती दगडासारखी दाबून टाकलेली. काळ्या मातीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पावसात ती फुगते, पाय धरून ठेवते. उन्हाळ्यात फाटते. एका भेगेत मी माझी काठी सोडली, ती मुठीपर्यंत आत गेली आणि तरी खाली टेकली नाही. अशी माती हलते तेव्हा कोवळ्या झाडाची मुळं दोरे तुटावेत तशी तुटतात. म्हणून एकेका बकुळीसाठी पुरुषभर खड्डा खणून त्यात मुरूम, नदीची वाळू आणि शेणखत भरलं. ज्या मातीत कापूस असा माजतो, तिच्यात एक झाड उभं करायला एवढी मिनतवारी लागते, याचं मला आजही नवल वाटतं.

ही जागा शहरातल्या एका बड्या व्यापाऱ्याला कापसाच्या गाड्या आणि गठ्ठे ठेवायला हवी होती. त्यानं तसा अर्ज केला होता. उन्हाळ्यात साहेब चिखलदऱ्याला जायला निघाले तेव्हा मला स्पष्ट सांगून गेले, “माली, बारिश तक पेड़ ज़िंदा रखो. पेड़ मर गए तो जमीन सेठ को जाएगी.” म्हणजे मृगापर्यंत चोवीस बकुळी जगल्या तर बाग, नाही तर पुन्हा गाड्यांचा अड्डा. आणि मी पुन्हा बापाच्या कपाशीत.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगतो. पहिल्याच हिवाळ्यात वाफ्यांमधला झेंडू आणि शेवंती अशी फुलली की गावातली माणसं कुंपणाशी येऊन नुसती उभी राहायची. एक पाटील चांदीचे गोंडे बांधलेली बैलजोडी बाहेर सोडून आत आला, सगळी बाग फिरला, आणि मला म्हणाला, “हे कोनाच्या मालकीचं?” मी म्हटलं, “सरकारचं. कोनीबी बसावं.” तो बसला. थोड्या वेळानं उठून पुन्हा माझ्याकडे आला. “बसलो. आता काय द्या लागते?” काही नाही म्हटल्यावर त्याला ते पटलं नाही. जाताना त्यानं बैलांच्या गळ्यातला एक गोंडा सोडून फाटकाला बांधला. फुकट बसणं त्याला जमत नव्हतं.

आणि रोज सकाळी तांबडं फुटताना एक म्हातारी यायची. चंद्रभागा तिचं नाव, आमच्याच माळ्यांतली. ओच्यात फुलं घ्यायची आणि नदीकाठच्या महादेवाला वाहायची. मी तिला पहिल्यांदा अडवलं तेव्हा ती माझ्या अंगावर आली.

“माळी असून फुलाले नाई म्हनतं?”

“हुकूम हाये, माय. झाडावरच ठेवाचे.”

“झाडावर वाळवाले? फूल का लाकूड हाये?” मग ती जरा शांत झाली. “माह्या घरी जाईचा मळा होता रे. पोट्टेयनं उपटला, कपाशी लावली. या गावात देवाले आता फूल कुठून आनू? कापूस वाहू?”

तिचं म्हणणं मला पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच मी जास्त कडक बोललो. दुसऱ्या दिवशी कुंपणाला बोरीच्या काट्या लावल्या. ती आली, काट्या पाहिल्या, आणि आत न येता बाहेरूनच म्हणाली, “अमरावतीवाल्या, एक सांगून ठेवतो. या विहिरीचं वरचं पानी गोड, खालचं खारं. उन्हाळ्यात मोट जोरात हाकू नको.”

मी हसलो. पाणी एकच असतं, वरचं काय आणि खालचं काय! मी गोड पाण्याच्या गावचा. आमच्याकडे मोट दिवसभर चालवली तरी विहिरीचं पाणी बदलत नव्हतं. शिवाय मला वाटलं, फुलं मिळाली नाहीत म्हणून म्हातारी शाप देते आहे.

चैत्र लागला. ऊन असं की दुपारी चिमण्या मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात येऊन बसायच्या. बकुळीच्या पानांची टोकं करपायला लागली. मी ओळखलं, झाडं तहानलेली आहेत. दुसरी बैलजोडी आणली, दोन मोटा लावल्या, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाटाला पाणी. मोटकरी म्हणाला, “बैल थारोळ्यातलं पानी पिऊन नाई राहिले.” मी म्हटलं, उन्हानं त्यांची तोंडं आली असतील. मी स्वतः नदीचं पाणी भरलेल्या माठातून प्यायचो, विहिरीचं पाणी तोंडाला लावायचं मला सुचलंच नाही. पानं आणखी करपली. मी आणखी पाणी दिलं.

चाळीस वर्षं बागकाम केल्यावर सांगतो, माझ्या हातून याहून मोठी चूक झाली नाही. झाड मरत होतं आणि मी त्याला मोठ्या मायेनं मारत होतो.

एका सकाळी चंद्रभागा काट्यांपलीकडे उभी होती. मी स्वतः काट्या बाजूला केल्या. ती सरळ एका बकुळीच्या आळ्यापाशी जाऊन उकिडवी बसली. आळ्यात पांढरी भुकटी धरली होती. मी ती चुन्याची समजत होतो. तिनं बोटानं ती उचलली, जिभेला लावली आणि थुंकली.

“मीठ,” ती म्हणाली.

मी चाखलं. मीठच होतं.

मग तिनं मला विहिरीवर नेलं. मोटा थांबवायला सांगितल्या. विहीर शांत होईपर्यंत आम्ही दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं लोट्याला दोरी बांधली आणि तो इतक्या हळूच खाली सोडला की पाण्यावर तरंग उठला नाही. लोटा तिरपा करून वरचं वरचं पाणी घेतलं. मला प्यायला दिलं. गोड! आमच्या नांदगावच्या विहिरीसारखं गोड. नंतर तिनं लोट्यात एक दगड टाकला, तो खोल जाऊ दिला आणि वर ओढला. ते पाणी मी घोटभरही पिऊ शकलो नाही.

मी किती वेळ विहिरीच्या काठावर बसून राहिलो कोण जाणे. एकच विहीर, एकच दगडी बांधकाम, वरून पाहिलं तर एकसारखं हिरवट पाणी, आणि आत दोन पाणी एकावर एक, न मिसळता निजलेली! पावसाचं पाणी मुरतं ते हलकं, म्हणून जुन्या खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. अलगद घेतलं तर देतं. ओरबाडलं तर खालचं वर येतं. साहेबांनी मला पुढं पुष्कळ पुस्तकी गोष्टी सांगितल्या. पण त्या सकाळी त्या लोट्यात जे पाहिलं, तसं पुन्हा काही पाहिलं नाही. अंगावर काटा आला होता, आणि लाजही वाटत होती.

“माय, आता काय करू?” मी विचारलं.

“मीठ उतरवा लागते. गोड पानी पायजे, लय सारं. विहीर नाई पुरनार. नदीच्या वाळूत झिरे खोदाचे, घागरीनं आनाचं.”

“कोन आननार?” माझा आवाज रडका झाला. गावात एक गडी मोकळा नव्हता. सगळे कापसाच्या मागे. मोटकरीसुद्धा त्याच आठवड्यात गाड्यांवर पळून गेला.

ती पदर खोचून उठली. निघून गेली. मी एकटाच खुरप्यानं आळ्यांमधली पांढरी माती खरवडून टोपलीनं बाहेर टाकत बसलो.

वैशाख सुरू झाला. आमच्याकडे वैशाखात बायका सकाळी नदीवर आंघोळ करतात आणि एक घागर पिंपळाला घालतात. महिनाभराचा नेम. पहिल्या दिवशी मी पाहिलं तर नदीच्या उतारावरून बायकांची रांग वर येते आहे, पुढं चंद्रभागा. पिंपळ उजवीकडे होता, रांग डावीकडे वळली. बागेच्या फाटकातून आत आली. माळ्यांच्या बायका, तेलणी, एक-दोन सोनारणी, आणि नाकात नवी जड नथ घातलेली त्या व्यापाऱ्याच्या घरची सूनसुद्धा. प्रत्येकीनं अर्धी घागर एकेका बकुळीला घातली. उरलेली अर्धी घेऊन पिंपळाकडे गेल्या.

मी चंद्रभागेला विचारलं, “काय सांगितलं तुमी यायले?”

“सांगितलं, पिंपळ म्हातारा झाला, त्याले अर्ध्यात भागते. हे लेकरं हायेत.”

सबंध वैशाख त्या आल्या. एक दिवस चुकला नाही. कोणी झाडाला कुंकू लावलं, कोणी सूत गुंडाळलं. माझ्या करपलेल्या, काटकुळ्या बकुळींवर त्या अशा मायेनं पाणी ओतायच्या की मला बघवायचं नाही. मी आदल्या दिवशी वाळूत झिरे उकरून ठेवायचो, एवढंच माझं काम. सकाळी तो घागरींचा आवाज, पाणी आळ्यात पडल्यावर काळी माती जो श्वास सोडते त्याचा वास, आणि बाहेर रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची खडखड. सगळं वऱ्हाड पैशामागे धावत होतं, आणि इथं अर्ध्या घागरीनं झाडं जगत होती. मी देवळात फारसा जात नाही. पण तो महिना मी देवळात काढला असंच समजतो.

पाच बकुळी गेल्या. एकोणीस राहिल्या. पाऊस लागण्याआधीच तांबूस कोवळी पानं फुटली तेव्हा मी एकेका झाडाजवळ जाऊन ती मोजली.

साहेब परत आले तोवर कुंकू धुऊन गेलं होतं, सूत मात्र राहिलं होतं. त्यांनी विचारलं, “माली, ये धागा क्यों?”

“साहेब, कीड नहीं लगती,” मी ठोकून दिलं. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या नावावर विलायतेत एखादं खोटं ज्ञान पोचलं असेल तर ते हे.

व्यापाऱ्याचा अर्ज निकालात निघाला आणि बाग राहिली. महिनाभरानं साहेबांनी बागेत दहा प्रतिष्ठित माणसं बोलावली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, “इतनी गर्मी में तूने इनको बचाया?” मी मान खाली घातली. खाली घातलेली मान म्हणजे होकार, हे त्यांना कळलं आणि मलाही कळत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर जरीकाठाचा शेला घातला. लोकांनी वाहवा केली. मी मान वर केली तेव्हा फाटकाबाहेर चंद्रभागा उभी दिसली.

दुसऱ्या दिवशी ती भेटली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “शोभत होता गा शेला.” टोमणा होता की कौतुक, मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी खरं सांगायला पाहिजे होतं. साहेबांनी काही मला फासावर दिलं नसतं. पण त्या वयात खांद्यावरची जर फार गरम लागते. शेला घरी नेऊन पेटीत ठेवला तो ठेवलाच. कधी पांघरला नाही.

मोट मी पुन्हा कधी जोरात हाकली नाही. उन्हाळ्यात विहीर दोन दिवस विसावायची, तिसऱ्या दिवशी सकाळी तेवढं वरचं घ्यायचं. पुढं मी बागेचा मुकादम झालो, आणि नवीन माणूस कामाला आला की त्याला आधी लोट्यानं दोन्ही पाणी चाखायला लावायचो. ‘फुले तोडू नयेत’ ही पाटीही मीच रंगवली आणि पहाटेच्या वेळी फाटकाकडे पाठ करून काम करायची सवय लावून घेतली. साहेब गेले, दुसरे आले, आगगाडी आली. अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचे ते दिवसही सरले. चंद्रभागेच्या पोरांनी पुन्हा थोडी जाई लावली म्हणे.

सहाव्या वर्षी बकुळ फुलली. एका सकाळी पाहतो तर झाडाखाली बारीक पांढऱ्या चांदण्यांचा सडा. एरवी गळलेलं फूल आपण देवाला वाहत नाही, पण बकुळीचं चालतं. ते तोडावं लागत नाही, आपणहून खाली येतं. साहेबाचा हुकूमही मोडला नाही आणि महादेवही उपाशी राहिला नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात बकुळ फुललेली असती तर काट्या लावायची वेळ आली नसती.

चंद्रभागा तेव्हा अंथरुणाला खिळली होती. डोळे गेले होते. मी पेटीतून शेला काढला, त्यात फुलं वेचली आणि तिच्या घरी गेलो. तिनं हात घालून फुलं चाचपली आणि नाकाशी नेली.

“पानी कोनतं देतं रे?” तिनं विचारलं.

“वरचं, माय.”

“मंग ठीक.” तिचा हात फुलांवरून खालच्या कापडावर गेला. बोटांना जर लागली. “हा थो शेला?”

“थोच. तुमचाच हाये. मी तवा बोललो नाई.”

ती हसली. “म्या आता काय फेटा बांधू? फुलं मादेवाले नेजो. शेला ठेव तुह्यापाशी. लागन तवा आनजो.”

श्रावणात ती गेली. निरोप आला तेव्हा मी आधी पेटी उघडली आणि मग बागेत जाऊन बकुळीखाली वाकलो. तिला अंगणात ठेवलं होतं. मी शेला उलगडून तिच्या अंगावर घातला, वर ओंजळभर फुलं टाकली. एवढं भारी जरीकाठी वस्त्र पाहून तिचा थोरला मुलगा गोंधळला.

“मुकादम, हे कोनाचं?” त्यानं विचारलं.

“तुह्या मायचंच हाये,” मी म्हणालो. “इतके वर्सं माह्यापाशी राहून गेलं.”